सातव्या पसंतीचे महाविद्यालय : अकरावी प्रवेशातील एक प्रकरण

सन २०२५ च्या जुलै महिन्याच्या आरंभी धायरीत राहणाऱ्या एका आईचा मला दूरध्वनी आला. मी सिंहगड रस्ता परिसरातील एका माध्यमिक शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि त्यांच्या मुलीने आमच्याच शाळेतून दहावीची परीक्षा दिली होती. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ती गेली होती, त्यामुळे कागदोपत्री ती आता आमची विद्यार्थिनी नव्हती, आणि पुढच्या कोणत्याही महाविद्यालयाची ती अजून झालेली नव्हती. दहावीच्या निकालापासून अकरावीच्या पहिल्या तासापर्यंतच्या काळात मूल कोणाच्याच हजेरीपटावर नसते, त्याचा चेहरा उतरला आहे हे पाहणारे शिक्षक नसतात, आणि नेमक्या याच काळात त्याच्या आजवरच्या आयुष्यातील सर्वांत मोठी निराशा त्याच्या वाट्याला येऊ शकते. हे प्रकरण सविस्तर लिहून काढण्याचे पहिले कारण हेच आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलीला ५०० पैकी ४५७ गुण होते, म्हणजे ९१.४० टक्के. विज्ञान शाखेसाठी तिने पूर्ण दहा पसंतीक्रम भरले होते. पहिली तीन महाविद्यालये शहराच्या मध्यभागातील, नावाजलेली अशी होती. पहिल्या यादीत तिला सातव्या पसंतीचे, बिबवेवाडी भागातील एक महाविद्यालय मिळाले. पहिल्या दोन महाविद्यालयांची गुणमर्यादा तिच्या गुणांच्या बरीच वर राहील याची कल्पना घरात सर्वांना होती. तिसऱ्याची मर्यादा मात्र ४६० वर थांबली. यादी लागल्यापासून मुलगी खोलीबाहेर येत नव्हती, जेवायला ताटावर बसत नव्हती, आणि वर्गमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून तिने स्वतःचे नाव काढून घेतले होते. आई फोनवर म्हणाली, "मॅडम, प्रवेश निश्चित करायला चारच दिवस राहिलेत. काही विचारलं तर एकच म्हणते, तुम्हाला काय करायचं ते करा."

त्या वर्षीची प्रक्रिया थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यासाठी लागू झाली. विद्यार्थ्याला किमान एक आणि कमाल दहा महाविद्यालये पसंतीक्रमाने भरता येत होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून तो विद्यार्थी बाद होत असे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे मिळाले, तर ते स्वीकारण्याची किंवा नाकारून पुढील फेरीची वाट पाहण्याची मुभा होती. एकदा प्रवेश निश्चित केला, की पुढची नियमित फेरी बंद, आणि नाकारले तर हातातली जागा इतरांसाठी मोकळी. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला होता, परंतु नोंदणीच्या आरंभीच संकेतस्थळ कोलमडले, वेळापत्रक पुढे ढकलले गेले आणि पहिली यादी पाहायला जूनची अखेर उजाडली. सहा आठवड्यांहून अधिक काळ ही मुले घरी बसून होती.

१३ मे रोजी याच ४५७ गुणांसाठी या घरात पेढे वाटले गेले होते. सोसायटीतील चौदा घरांत आजी स्वतः पेढे घेऊन गेल्या होत्या आणि प्रत्येक दारात त्यांनी त्या तिसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयाचे नाव घेतले होते, कारण मागील वर्षाची गुणमर्यादा पाहता ते मिळणारच असे घरात गृहीत धरलेले होते. जूनअखेरीस त्याच घरांतील एक शेजारीण जिन्यात भेटून विचारू लागली, "मग, कुठे मिळालं?" गुण होते तेवढेच होते. पहिल्या भेटीत मुलगी बराच वेळ गप्प होती, आणि नंतर तिने मला विचारले, "मॅडम, मला नक्की चांगले मार्क मिळाले होते की नाही?" या वयाच्या मुलांनी आजवर मला विचारलेल्या प्रश्नांत हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याचे उत्तर मी लगेच दिले नाही, कारण "हो, छानच मिळालेत" असे सांगणारे लोक तिला पुष्कळ भेटले होते आणि त्यांतील एकावरही तिचा विश्वास उरला नव्हता.

पहिल्या भेटीत मी आईवडिलांशी वेगळे आणि मुलीशी वेगळे बोलले, आणि तेव्हा लक्षात आले की या घरात एकाच घटनेची तीन निरनिराळी दुःखे होती.

वडील एका खासगी कंपनीत पर्यवेक्षक आहेत. ते स्वतः पदविकेनंतर पुढे शिकू शकले नव्हते, आणि शहरातील नामांकित महाविद्यालयाचे ओळखपत्र मुलीच्या गळ्यात पाहणे ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. पुण्यातील माणसाला ही इच्छा समजावून सांगावी लागत नाही. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे, सर परशुरामभाऊ महाविद्यालय १९१६ चे. अशा जुन्या संस्थांच्या दगडी इमारतींवरून जाताना आपले मूल येथे शिकावे असे न वाटणारा पालक या शहरात क्वचितच असेल. दुःख झाले की काहीतरी करत राहायचे, हा वडिलांचा स्वभाव. व्यवस्थापन कोट्यातील ५ टक्के जागांपैकी एखादी मिळवून देणारा कोणी ओळखीचा निघतो का, याच्या शोधात त्यांनी तीन दिवस घालवले होते. दुसऱ्या फेरीची वाट पाहावी असे त्यांचे ठाम मत होते.

आईचे दुःख अपराधाचे होते आणि ते बाहेर यायला वेळ लागला. मुलीचा हात चित्रकलेत चांगला होता. आठवीत तिने एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. नववीत इंटरमिजिएटचा अर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा गणिताची शिकवणी बुडते म्हणून आईनेच तो भरू दिला नाही. शासकीय रेखाकला परीक्षेतील इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीत सवलतीचे गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. मुलगी तीन गुणांनी मागे राहिली होती. आई मला म्हणाली, "नुसती पास झाली असती, तरी आज हे झालं नसतं. आणि मी अडवलं." हे तिने घरात कोणालाही सांगितले नव्हते, परंतु मुलीला हिशेब कळत होता, आणि आईला हे कळले आहे हेही तिला कळत होते. दोघी त्या तीन गुणांभोवती एकमेकींना टाळत फिरत होत्या. उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा का, असे आईने मला दोनदा विचारले. त्याची मुदत केव्हाच संपलेली होती, हे तिलाही ठाऊक होते.

मुलीचे दुःख मात्र दोघांनी धरून चालले होते त्यापेक्षा वेगळे होते. महाविद्यालयाची इमारत, तेथील प्राध्यापक, प्रयोगशाळा यांविषयी ती जवळजवळ काहीच बोलली नाही. ती बोलली ती बसविषयी. पहिलीपासून एकत्र असलेल्या चार मैत्रिणींनी ठरवले होते की पीएमपीचा पास एकाच दिवशी काढायचा, धायरी फाट्यावर भेटायचे आणि एकत्र जायचे. चौघींपैकी दोघींना तिसऱ्या पसंतीचे ते महाविद्यालय मिळाले होते आणि तिसरी वाणिज्य शाखेसाठी त्याच परिसरात जाणार होती. "त्या तिघी धायरी फाट्यावर थांबणार, आणि मी पण तिथूनच, पण दुसऱ्या बसने." हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. घरी तिला गेले काही दिवस सांगितले जात होते की महाविद्यालयाने काही होत नाही, अभ्यास आपल्या हातात असतो. ते सांगणे खरे होते, परंतु ते एका वेगळ्याच दुःखावरचे औषध होते.

त्याच भेटीत ती म्हणाली, "मला कुणाला दिसायचंच नाहीये." अशा वाक्याचा अर्थ मी अंदाजाने लावत नाही. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे मी तिला सरळ शब्दांत विचारले. स्पष्ट विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे. उलट विचारणारा माणूस घाबरलेला नाही हे पाहून मुले मोकळी होतात. तिने नाही म्हटले, आणि आपल्याला लोकांच्या प्रश्नांपासून लपायचे आहे, एवढेच तिने स्पष्ट केले. तिची झोप बरी होती आणि भूक कमी झाली असली तरी पूर्ण गेलेली नव्हती. तरीही आईवडिलांना मी सांगितले की पुढील दोन आठवडे तिला फार वेळ एकटे ठेवू नये, झोप उडाली किंवा जगण्याविषयी निरवानिरवीचे बोलणे ऐकू आले तर माझी वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, आणि रात्रीअपरात्री गरज भासल्यास टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही चोवीस तास चालणारी शासकीय सेवा आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. क्रमांक वडिलांनी लगेच फोनमध्ये नोंदवून घेतला.

यापुढे मी एकच गोष्ट ठरवून केली. प्रवेशाचा निर्णय आणि प्रवेश हुकल्याचे दुःख या दोन गोष्टी घरात एकमेकींत पूर्ण मिसळल्या होत्या, त्या मी वेगळ्या करायला घेतल्या. निर्णयाला चार दिवसांची मुदत होती. दुःखाला अशी कोणतीही मुदत नव्हती, परंतु घरातील प्रत्येकाला ते त्या चार दिवसांत उरकायचे होते. मुलीने आधी सावरावे आणि मग हसतमुखाने प्रवेश घ्यावा, अशी आईची अपेक्षा होती. दुसऱ्या फेरीत हवे ते मिळाले की सावरण्याची गरजच उरणार नाही, अशी वडिलांची. मी त्यांना म्हटले की ती रडत असली तरी अर्ज भरता येतो, आणि अर्ज भरल्यानंतरही तिला रडू द्यावे लागेल.

निर्णयासाठी आम्ही संकेतस्थळावरील पहिल्या फेरीची गुणमर्यादा आणि रिक्त जागांचे आकडे समोर घेतले. तिसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयात खुल्या प्रवर्गाच्या मोजक्याच जागा उरल्या होत्या. संस्थांतर्गत (त्याच संस्थेच्या शाळेतील मुलांसाठी राखीव) आणि व्यवस्थापन कोट्यातील न भरलेल्या जागा पुढे सर्वसाधारण फेऱ्यांत येऊ शकतात हे वडिलांचे म्हणणे बरोबर होते, परंतु त्या किती येतील हे कोणालाच सांगता येत नव्हते. मर्यादा तीन गुणांनी उतरेल, असेही म्हणता येत होते आणि उतरणार नाही, असेही. ती उतरली नाही, तर सातवे महाविद्यालयही हातातून जाण्याचा धोका होता, कारण तेथेही तिचे गुण मर्यादेच्या फार वर नव्हते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मिळून अकरावीच्या एक लाखाहून अधिक जागा आहेत आणि दरवर्षी त्यांतील हजारो रिकाम्या राहतात. त्यामुळे कोठेच प्रवेश न मिळण्याची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. प्रश्न घरापासूनच्या अंतराचा आणि अध्यापनाच्या दर्जाचा होता.

वडिलांचा एक समज येथे दूर करावा लागला. नामांकित कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झाल्यास अभियांत्रिकीच्या प्रवेशात वजन पडते, असे त्यांना वाटत होते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणवत्ता यादीत कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव कोठेही मोजले जात नाही. त्या २०० गुणांच्या परीक्षेत साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला आणि उरलेला बारावीला असतो, आणि बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के ही केवळ पात्रतेची अट असते. वडील हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटते, त्यांनी स्वतःच्या इच्छेला मुलीच्या भवितव्याचे नाव दिले होते आणि ते त्या क्षणी त्यांना जाणवले. त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही.

शेवटी मुलीला आत बोलावून मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय तिने घ्यावा असे सुचवले. तिने जे विचारले ते आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते: "मी ते कॉलेज एकदा बघू का?" तिने ते पाहिलेलेच नव्हते. चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे सात पसंतीक्रम वडिलांनी शेवटच्या रात्री मागील वर्षांच्या गुणमर्यादेच्या उतरत्या क्रमाने भरले होते. म्हणजे जी जागा तिला अपयशाची शिक्षा वाटत होती, तिचे तिच्यासमोर चित्रच नव्हते. दरवर्षी मी पालकांच्या सभेत सांगते की यादीतील शेवटचे नावदेखील मुलाने डोळ्यांनी पाहून मगच भरावे, आणि दरवर्षी बहुतेक घरांत पहिली तीन नावे चर्चेने आणि उरलेली घाईने भरली जातात. यादीच्या खालच्या टोकाला मिळालेल्या महाविद्यालयाचा धक्का मोठा बसतो, त्यात या घाईचा वाटा फार असतो.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर तेथे गेली. इमारत साधी, आवार लहान. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाने दार उघडून त्यांना आत पाहू दिले. विज्ञानाच्या दोनच तुकड्या होत्या. ग्रंथालयात सायंकाळपर्यंत बसता येते, असे तिने स्वतः विचारून घेतले. घरी परतताना स्वारगेटला दुसरी बस मिळायला चाळीस मिनिटे लागली, हेही तिने मला तितक्याच स्पष्टपणे सांगितले. मुदतीच्या आदल्या दिवशी तिने प्रवेश निश्चित केला. वडिलांनी शुल्क भरले, परंतु ते तिच्याबरोबर आत गेले नाहीत.

येथे प्रकरण संपले असते, तर मी ते लिहिले नसते. जुलैच्या मध्यावर दुसरी यादी लागली आणि तिसऱ्या पसंतीच्या त्या महाविद्यालयाची मर्यादा ४५६ वर आली. थांबली असती, तर तिला एका गुणाने प्रवेश मिळाला असता.

वडिलांनी मला रात्री साडेनऊला दूरध्वनी केला. ते मोठ्याने बोलले नाहीत. "तुम्ही तिच्यावर सोडायला सांगितलंत. ती पंधरा वर्षांची आहे, मॅडम," एवढेच ते म्हणाले. मी बचाव केला नाही. जी माहिती त्या दिवशी हाती होती तिच्यावरून निर्णय चुकीचा नव्हता, असे मी आजही मानते, आणि तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. समुपदेशकाने निर्णय मुलाच्या हाती सोपवायचा म्हणजे त्याच्या परिणामाचे ओझेही एकट्या मुलाने वाहायचे, असे होता कामा नये. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि तिघांसमोर सांगितले की दुसऱ्या फेरीपर्यंत थांबण्याचा पर्याय मी तुमच्यासमोर धोक्याच्या बाजूने अधिक मांडला होता, ती माझी जबाबदारी आहे, आणि तुमच्या मुलीने तिच्यासमोर ठेवलेल्या गोष्टींतून विचारपूर्वक निवड केली.

मुलगी खोलीतून बाहेर आली. ती म्हणाली, "मी बाबांवर नाही चिडले. आईवर पण नाही. मी तुमच्यावर चिडले." मी म्हटले, "खुशाल चीड." त्यावर आजींनी चहा ठेवला आणि आई एकाएकी रडू लागली. चित्रकलेच्या अर्जाची गोष्ट तिने त्या दिवशी सर्वांसमोर प्रथम सांगितली. मुलीने तिला जवळ घेतले नाही, माफही केले नाही. "मला माहिती होतं," एवढेच म्हणून ती आईच्या शेजारी येऊन बसली. माझ्या नोंदवहीत त्या भेटीसमोर मी "पहिल्यांदा एकत्र" असे लिहिले आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोन लहान गोष्टी ठरवल्या. शेजाऱ्यांना काय सांगायचे ते तिने स्वतः ठरवावे आणि घरातील सर्वांनी तेच वाक्य सांगावे. तिने महाविद्यालयाचे नाव आणि "सायन्सला" एवढेच निवडले. त्यापुढे "यंदा मर्यादाच फार वर गेली" अशी पुस्ती जोडायला आजींना मनाई झाली. दुसरी गोष्ट म्हणजे जे महाविद्यालय मिळाले नाही त्याची निंदा कोणी करायची नाही. तेथे फक्त नाव आहे, शिकवत कोणी नाही, असे मामा तिला समजावत असत. सांत्वनाचा हा प्रकार सर्रास आढळतो आणि तो मुलांना दुखावतो, कारण ज्या गोष्टीसाठी त्यांनी वर्षभर धडपड केली ती मुळात क्षुल्लक होती, असे त्यातून त्यांना ऐकू येते.

ऑगस्टमध्ये महाविद्यालय सुरू झाले. पहिले तीन आठवडे वाईट गेले. धायरी फाट्यावर त्या तिघी दिसू नयेत म्हणून ती वीस मिनिटे आधी निघत असे, आणि हे मला आईने नव्हे, त्या तिघींपैकी एकीने शाळेत येऊन सांगितले. मी मध्ये पडले नाही, त्या मुलीला फक्त विचारले, "तू तिला फोन केलास का?" तिने केला नव्हता, कारण काय बोलावे ते कळत नव्हते. ज्यांना प्रवेश मिळाला त्या मुलांचाही या दिवसांत गोंधळ होतो, आपल्या आनंदाने मैत्रीण दुखावेल म्हणून ती दूर राहतात, आणि दूर राहिलेली मैत्रीण त्याचा अर्थ वेगळाच लावते. गणपतीच्या सुट्टीत त्या चौघी एकीच्या घरी आरतीला भेटल्या.

दिवाळीनंतर आईबरोबर ती मला शेवटची भेटली. प्रथम सत्राचे गुण मध्यम होते. भौतिकशास्त्र जड जात होते. तिला वर्गात एक मैत्रीण मिळाली होती, कात्रजला राहणारी. त्या नावाजलेल्या महाविद्यालयासमोरून बस जाते तेव्हा अजूनही ती खिडकीबाहेर पाहत नाही, असे तिने आपणहून सांगितले, आणि मी त्यावर काही उपाय सुचवला नाही.

निघताना आईने एक गोष्ट सांगितली. धाकटा मुलगा आठवीत आहे आणि त्याच्या शाळेतून एलिमेंटरीचा अर्ज घरी आला होता. पुढे इंटरमिजिएटचे गुण मिळतील म्हणून आईने तो लगेच भरायला घेतला, वडिलांनीही होकार दिला. मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "त्याला चित्रं काढायला आवडतात का, ते विचारा की आधी." त्याला विचारले. त्याला कबड्डीच्या सरावाला जायचे होते. अर्ज कोराच शाळेत परत गेला.